चार ट्रान्झिस्टर, 10 वॉट आणि जॉन लिन्स्ली हूड

घरी बनवता येतील अशी ऑडिओ सर्किटं मासिकांतून मांडणारे ब्रिटिश इंजिनिअर जॉन लिन्स्ली हूड 2004 साली गेले. तुम्ही विचारता की ज्या माणसाची नोकरी ऑडिओतली नव्हती, त्याला घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे लोक अजून इतक्या आदराने का आठवतात? 1969 सालच्या त्यांच्या 10 वॉटच्या सर्किटमध्ये असं काय आहे? आणि आज त्यांच्या आठवणीखातर एक बनवायचा तर मूळ बनवावा की त्यांनीच 1996 साली सुधारलेला? मी हा अ‍ॅम्प्लिफायर बनवलेला आहे, इतरांनी बनवून मध्येच अडकलेले दुरुस्तही केले आहेत. त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या मते त्यांचं मोठेपण एका गोष्टीत आहे. त्यांनी बनवणाऱ्याला सर्किट समजावून दिलं. कुठला रेझिस्टर कशासाठी आहे आणि तुमचा स्पीकर वेगळा असेल तर तो किती बदलायचा, हे सगळं त्यांनी उघडपणे छापलं. ज्याला ओहमचा नियम येतो त्याने एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसावं आणि अख्खा अ‍ॅम्प्लिफायर डोक्यात मावावा, असं फार थोड्या सर्किटांबद्दल म्हणता येतं. हूड यांचं सर्किट त्यांतलं एक आहे.

आधी माणसाबद्दल थोडं. लष्करी सेवेत ते रडार मेकॅनिक होते. त्यानंतर रेडिंग विद्यापीठात शिकले. इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात सेलाफील्ड इथे अणुऊर्जा खात्याची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा होती, तिथे काही काळ काम केलं. मग ब्रिटिश सेलोफेन कंपनीत आले आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन विभागाचे बरीच वर्षं प्रमुख राहिले. या कंपनीचा कारखाना सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर गावात होता. तिथे त्यांचं काम होतं मोजण्याची उपकरणं तयार करायचं: यंत्रातून वेगाने सरकणाऱ्या सेलोफेनची रुंदी मोजायची, त्यातला ओलावा मोजायचा. त्यातल्या काही गोष्टींची पेटंटही झाली. ऑडिओ हा या सगळ्याच्या बाजूने चाललेला उद्योग होता.

हा तपशील मी मुद्दाम दिला, कारण मोजमापाच्या उपकरणांवर आयुष्य काढलेल्या माणसाची शिस्त त्यांच्या ऑडिओ लेखांत जागोजागी दिसते. कारखान्यातलं उपकरण रात्रंदिवस चालावं लागतं, बिघडलं तर दुसऱ्याला उघडून दुरुस्त करता यावं लागतं. सर्किटात एकही भाग उगाच नसणं, प्रत्येक भागाचा आकडा कुठून आला ते सांगता येणं, ही सवय तिथून येते. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरइतक्याच आस्थेने मोजण्याची साधनंही मांडली. 1981 सालचा त्यांचा कमी डिस्टॉर्शनचा (म्हणजे सिग्नलचा आकार फारसा न बिघडवणारा) वीन ब्रिज ऑसिलेटर, म्हणजे तपासणीसाठी शुद्ध सूर तयार करणारं साधन, त्यांपैकीच. घरी बनवणाऱ्याकडे तपासणीचं साधन नसेल तर त्याने बनवलेलं बरोबर आहे की नाही हे त्याला कळणार कसं, ही काळजी त्यामागे दिसते.

आता 1969 कडे. त्या सर्किटाचं महत्त्व कळायला त्याआधीची अडचण माहीत हवी.

इंग्लंडमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' नावाचं मासिक होतं. 1947 च्या एप्रिल आणि मे महिन्यांत त्यात डी. टी. एन. विल्यमसन यांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरत त्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर छापून आला. ट्रायोडसारखे जोडलेले दोन केटी66 व्हॉल्व्ह, 15 वॉट, डिस्टॉर्शन 0.1 टक्क्याच्या आत. पुढची वीस वर्षं चांगल्या आवाजाची मोजपट्टी म्हणजे विल्यमसन. पण त्याला लागणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर अवजड, महाग आणि गुंडाळायला अवघड. ट्रान्झिस्टर आले तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता ट्रान्सफॉर्मरची कटकट संपली. 1961 साली त्याच मासिकात टोबी आणि डिन्सडेल यांचा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आला, 1968 मध्ये आर्थर बेली यांचा सिलिकॉनवरचा 30 वॉटचा. वाटचाल क्लास बी च्या दिशेने होती. म्हणजे सिग्नलचा वरचा अर्धा भाग एका ट्रान्झिस्टरने सांभाळायचा आणि खालचा दुसऱ्याने. उष्णता कमी, सप्लाय लहान, पॉवर भरपूर.

अडचण होती ती दोघांच्या सांध्यावर. सिग्नल शून्यातून जातो त्या क्षणी एक ट्रान्झिस्टर बंद होत असतो आणि दुसरा अजून नीट सुरू झालेला नसतो. तिथे सर्किटाचा गेन (सिग्नल किती पटीने वाढतो तो आकडा) पडतो, म्हणजे फीडबॅकने (आउटपुटचा काही भाग मागे आणून) चूक सुधारायची असते नेमकी तिथेच फीडबॅक दुबळा असतो. त्यातून ही चूक सिग्नलबरोबर लहान होत नाही. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात तिचं प्रमाण वाढतं. हे बघायचं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरला 1 किलोहर्ट्झची साइन द्या, आउटपुट अगदी कमी म्हणजे 100 मिलिवॉटच्या आसपास ठेवा, मूळ सिग्नल वजा करा आणि उरलेला भाग ऑसिलोस्कोपवर बघा. बायस (सिग्नल नसतानाही वाहता ठेवलेला करंट) चुकलेल्या क्लास बी मध्ये प्रत्येक शून्याच्या जागी एक तीक्ष्ण काटा दिसतो. त्या काट्यात वरच्या क्रमांकाचे विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले जास्तीचे सूर) भरलेले असतात आणि व्हायोलिनसारख्या वाद्याचा आवाज त्यामुळे कोरडा, खरखरीत लागतो. हूड यांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तीच तपासणी केली की काट्याच्या जागी सलग, गोलसर रेघ दिसते. तो जवळजवळ निव्वळ दुसरा हार्मोनिक असतो आणि आवाज कमी करत गेलं की तोही विरत जातो.

म्हणून 'वायरलेस वर्ल्ड'च्या एप्रिल 1969 च्या अंकात त्यांनी त्या काळाच्या उलट्या दिशेने पाऊल टाकलं. क्लास ए चा (म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत असा), चार ट्रान्झिस्टरचा, 10 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. घरातल्या खोलीला याहून जास्त पॉवर सहसा लागत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आणि ते खरं आहे. 88 डेसिबलच्या आसपास संवेदनशीलता असलेला साधा स्पीकर 10 वॉटवर एक मीटर अंतरावर 98 डेसिबलपर्यंत जातो. बहुतेक लोक ऐकतात ते एक-दोन वॉटच्या आत.

लेखात ते ज्या पायऱ्यांनी जातात त्या मला फार आवडतात. सुरुवात अगदी प्राथमिक: एक ट्रान्झिस्टर आणि कलेक्टरला (ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक; बाकीची दोन बेस आणि एमिटर) लोड म्हणून रेझिस्टर. याची कार्यक्षमता सुमारे 12 टक्के, म्हणजे बहुतेक वीज त्या रेझिस्टरमध्येच जळते. मग रेझिस्टरच्या जागी चोक, म्हणजे तारेचं वेटोळं. कार्यक्षमता सुधारते, पण चोक जड आणि महाग. मग चोकच्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर. आणि दुसरा ट्रान्झिस्टर बसवलाच आहे तर त्याला नुसतं उभं का ठेवायचं? त्यालाही उलट फेजमध्ये चालवा, म्हणजे एकाचा करंट वाढेल तेव्हा दुसऱ्याचा कमी होईल आणि दोघे मिळून लोडला पुरवतील. एवढं वाचल्यावर अंतिम सर्किट समोर येतं तेव्हा ते ओळखीचं वाटतं, कारण आपण तिथपर्यंत त्यांच्याबरोबर चालत आलेलो असतो.

सर्किट असं आहे. इनपुटला एक पीएनपी ट्रान्झिस्टर (पीएनपी आणि एनपीएन हे करंटच्या दिशेने एकमेकांच्या उलट असलेले दोन प्रकार). फीडबॅक त्याच्या एमिटरवर, 2.7 के आणि 220 ओहम या जोडीतून, म्हणजे गेन साधारण 13. त्याचा कलेक्टर दोन आउटपुट ट्रान्झिस्टर सोडून उरलेल्या, म्हणजे तिसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस चालवतो. हा तिसरा ट्रान्झिस्टर फेज वेगळे करणारा आहे. त्याच्या कलेक्टरवरून वरचा आउटपुट ट्रान्झिस्टर चालतो, एमिटरवरून खालचा. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एनपीएन. त्या काळी चांगले सिलिकॉन पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर दुर्मिळ आणि महाग होते, त्यामुळे ही सोय मोठी होती. सप्लाय एकच, आउटपुटला मोठा कपॅसिटर. 8 ओहमला 27 व्होल्ट आणि 1.2 अँपिअर, 15 ओहमला 36 व्होल्ट आणि 0.9 अँपिअर, 3 ओहमला 17 व्होल्ट आणि 2 अँपिअर, असा तक्ताच त्यांनी दिला. रेझिस्टर, कपॅसिटर, पूर्ण पॉवरला लागणारं इनपुट व्होल्टेज, सगळं त्यात.

त्या आकड्यांत चरबी नाही. 8 ओहमला 10 वॉट म्हणजे सुमारे 9 व्होल्ट आरएमएस (एसीचं प्रभावी मूल्य), शिखराला 12.6 व्होल्ट. सप्लायचा अर्धा 13.5 व्होल्ट. म्हणजे शिल्लक राहते जेमतेम एक व्होल्ट. आउटपुटचा 2500 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 8 ओहमबरोबर 8 हर्ट्झला कापतो, ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या बऱ्याच खाली. कुठे जास्तीचं घातलं नाही, कुठे कमी पडू दिलं नाही. अमुक ब्रँडचा कपॅसिटर लावा म्हणजे आवाज खुलेल, अशी चर्चा आज या सर्किटभोवती फार होते. माझ्या मते आधी हे आकडे स्वतः एकदा काढून बघावेत. त्यातून जे कळतं ते कुठलाही महागडा भाग लावून कळत नाही.

या सर्किटाची खरी गंमत आणि खरा त्रास दोन्ही बायस करंटमध्ये आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. अर्ध्याहून जास्त बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे याच कारणाने आले.

8 ओहमच्या आवृत्तीत सप्लायपासून तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपर्यंत 100 आणि 560 ओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ आहेत. त्यांच्या मधल्या बिंदूला आउटपुटवरून बूटस्ट्रॅप कपॅसिटर (आउटपुटबरोबर त्या बिंदूचं व्होल्टेजही हलवणारा) येतो. सिग्नल नसताना वरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरचा बेस असतो सुमारे 14.2 व्होल्टवर. 27 मधून ते वजा केले की 12.8 व्होल्ट उरतात, त्यांना 660 ओहमने भागलं की 19 मिलिअँपिअरच्या थोडं वर उत्तर येतं. एवढाच करंट वरून खाली येतो. त्यातला काही वरच्या ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये जातो, उरलेला तिसऱ्या ट्रान्झिस्टरमधून खालच्याच्या बेसमध्ये. दोघे सारखे असतील तर प्रत्येकाला साडेनऊ-दहा मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टरचा गेन 120 च्या आसपास असेल तर आउटपुटमधला करंट बरोबर 1.2 अँपिअरच्या घरात येतो.

आणि गेन 60 असेल तर? सगळे भाग बरोबर, जोडणी बरोबर, तरी करंट 0.6 अँपिअरच. मग हळू आवाजात सगळं गोड वाटतं आणि जरा वाढवला की एका बाजूने चिरतो. लोक म्हणतात, हूडचं सर्किट दुबळं आहे. सर्किट ठीक असतं, ट्रान्झिस्टर वेगळा असतो. 2एन3055 या नेहमीच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये गेन 4 अँपिअरला 20 ते 70 असा लिहिलेला आहे, म्हणजे एकाच नावाच्या दोन नगांत तिपटीहून जास्त फरक कायदेशीर आहे. अशा वेळी 560 ओहमचा रेझिस्टर कमी करायचा. गेन निम्मा तर एकूण रेझिस्टन्सही साधारण निम्मा. मात्र मग तिसऱ्या ट्रान्झिस्टरवरचा भारही दुप्पट होतो, पाव वॉटच्या आसपास जातो. त्याला छोटी हीटसिंकची (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूची) टोपी घाला, विसरू नका.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ट्रान्झिस्टर तापला की गेन वाढतो, गेन वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. हीटसिंक पुरेसा असेल तर हे एका जागी येऊन थांबतं. नसेल तर थांबत नाही. 27 व्होल्ट गुणिले 1.2 अँपिअर म्हणजे एका चॅनलला 32 वॉट, दोन्ही मिळून 65 वॉट, सतत. क्लास ए मध्ये संगीत बंद असतानाच ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतात, कारण सिग्नल आला की त्यातली काही पॉवर स्पीकरकडे जाते. प्रत्येक चॅनलला दर वॉटला एक अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी थर्मल रेझिस्टन्सचा हीटसिंक हवा, म्हणजे तो खोलीपेक्षा तीसेक अंशांनी गरम होऊन स्थिरावतो. डब्यात कोंडू नका. हीटसिंकच्या पात्या उभ्या राहतील आणि खालून वर हवा जाईल असा बसवा. आणि टीओ-3 या धातूच्या आवरणातल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर म्हणजे ती धातूची टोपीच असते. वरच्या ट्रान्झिस्टरची टोपी पूर्ण सप्लायवर, खालच्याची आउटपुटवर. दोन्ही एकाच हीटसिंकवर असतील तर अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बूच हवेतच. वीज देण्याआधी टोपी आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटर लावून बघा.

पहिल्यांदा सुरू करताना बरेच जण मेनला बल्ब मालिकेत लावतात. क्लास बी ला ती युक्ती उत्तम, पण इथे अ‍ॅम्प्लिफायर निष्क्रिय असतानाही एवढी वीज ओढतो की बल्ब पेटलेलाच राहतो आणि व्होल्टेज कधी पूर्ण येतच नाही. करंट मर्यादा असलेला बेंच सप्लाय घ्या. मर्यादा दीड अँपिअर. इनपुट शॉर्ट करा, स्पीकरच्या जागी 8 ओहमचा 25 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. आउटपुट कपॅसिटरच्या अलीकडे, म्हणजे दोन पॉवर ट्रान्झिस्टरांच्या सांध्यावर मीटर धरा आणि इनपुटचा प्रीसेट (बदलता येणारा छोटा रेझिस्टर) फिरवून तिथे 13.5 व्होल्ट आणा. मग सप्लायच्या तारेत अँपिअरमीटर. थंड असताना तो कमी दाखवेल. सुरुवातीलाच 1.2 लावून मोकळे होऊ नका. अर्धा तास तसंच राहू द्या, आकडा हळूहळू चढत जाऊन थांबेल. थांबला की मग 13.5 व्होल्ट आणि 1.2 अँपिअर दोन्ही पुन्हा नीट लावा. त्यानंतरच खरा स्पीकर.

ट्रान्झिस्टरच्या निवडीवर एक शब्द. त्यांनी मूळ लेखात एमजे480 वापरले होते, ते आता मिळणं कठीण. 2एन3055 चालतो, पण जुना 2एन3055 आणि आजचा एकाच नावाचे असले तरी आतून वेगळे आहेत. जुना बराच मंद, ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी (जिथे त्याचा गेन एकवर येतो ती) 1 मेगाहर्ट्झच्या आसपास, आजचे त्याहून वेगवान. याहून पुढे जाऊन काही जण 30 मेगाहर्ट्झचे ऑडिओ ट्रान्झिस्टर लावतात. आवाज खरंच सुधारू शकतो, पण सर्किट मेगाहर्ट्झमध्ये थरथरण्याची शक्यताही वाढते. स्कोपवर साइनची रेघ एखाद्या ठिकाणी जाड, धूसर दिसली की समजा ऑसिलेशन आहे. स्कोप नसेल तर सिग्नल नसताना हीटसिंक नेहमीपेक्षा जास्त तापणं ही खूण. उपाय सरळ आहेत: बेसच्या तारा आखूड करा, बेसमध्ये काही ओहमचा रेझिस्टर घाला, आउटपुटला रेझिस्टर-कपॅसिटरची झोबेल जोडी लावा. बाजारात नकली पॉवर ट्रान्झिस्टर बरेच फिरतात, म्हणून मल्टिमीटरच्या छोट्या खाचेतल्या गेनवर विसंबू नका. बेसला 10 मिलिअँपिअर देऊन कलेक्टरचा करंट प्रत्यक्ष मोजा. दोन सारखे नग मिळाले तर दुसरा हार्मोनिक आणखी खाली जातो.

आवाजाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण त्यांना आदर मिळण्यात त्याचाही वाटा आहे. 1969 मध्ये त्यांनी आपला अ‍ॅम्प्लिफायर विल्यमसनशेजारी ठेवून ऐकला. त्या दोघांत फरक सांगणं अवघड गेलं, क्लास बी चे मात्र वेगळे ओळखू येत होते. लेखाच्या शीर्षकाखालीच त्यांनी लिहून टाकलं की ऐकताना हा क्लास बी च्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा सरस वाटतो. मोजमापाच्या माणसाने हे लिहिलं याचं मला विशेष वाटतं. डिस्टॉर्शनचा एकच आकडा, तोही पूर्ण पॉवरचा, कानाला काय वाटेल ते सांगू शकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पण म्हणून त्यांनी मोजणं सोडलं नाही. कानाला फरक जाणवला तर तो कुठल्या मोजमापात दिसतो ते शोधायचं, हा त्यांचा मार्ग. लोड कपॅसिटिव्ह असताना स्थिरता, अचानक बदलणाऱ्या सिग्नलला मिळणारा प्रतिसाद, या गोष्टींकडे ते पुन्हा पुन्हा वळताना दिसतात.

पुढे 1993 पासून डग्लस सेल्फ यांनी त्याच मासिकाच्या नव्या अवतारात दाखवून दिलं की क्लास बी चा प्रत्येक दोष वेगळा काढून सुधारला तर डिस्टॉर्शन मोजता येईल न येईल इतकं खाली नेता येतं. ते बरोबर आहे. आज निव्वळ आकड्यांवर तुलना केली तर एखादी चांगली बसवलेली एलएम3886 ची चिप (अख्खं सर्किट एकाच तुकड्यात) हूड यांच्या मूळ सर्किटाला मागे टाकते, पॉवरही 8 ओहमला चाळीस-पन्नास वॉट देते, आणि थंड राहते. ज्यांना फक्त चांगला आवाज कमी खर्चात हवा आहे त्यांना मी चिपच सुचवतो. पण चिपच्या आत काय चाललं आहे ते तिच्या वापरातून कळत नाही. ज्यांना ते कळून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हे चार ट्रान्झिस्टर आहेत.

हूड यांना क्लास ए चाच पंथ मानणारा माणूस समजू नका, तसे ते नव्हते. 1972-73 च्या सुमारास त्यांनी 75 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर दिला, 1984 मध्ये मॉसफेटचा (व्होल्टेजने चालणाऱ्या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा). त्यांच्या डिझाइनचे किट इंग्लंडात विकले जात आणि कित्येकांचा पहिला चांगला अ‍ॅम्प्लिफायर त्या किटमधून झाला. 1976 मध्ये कॅसेट डेक. नवा भाग बाजारात आला की त्यातून काय साधता येईल ते बघायचं आणि जमलेलं लोकांना सांगायचं. 1990 च्या दशकात पुस्तकं लिहिली, त्यांतही व्हॉल्व्हपासून मॉसफेटपर्यंत सगळं एकाच समभावाने मांडलं आहे. जुनं म्हणून हिणवणं नाही, नवं म्हणून भाळणं नाही.

मग 1996. सत्तावीस वर्षांनी ते स्वतःच्या पहिल्या सर्किटाकडे परत आले. या वेळी दुहेरी (अधिक आणि उणे) सप्लाय, त्यामुळे आउटपुट कपॅसिटर गेला. पॉवर 15 वॉटच्या आसपास. आणि ज्या करंटच्या कटकटीवर मी वर एवढं लिहिलं, तिच्यासाठी वेगळी सोय, म्हणजे करंट आता ट्रान्झिस्टरच्या गेनवर आणि तापमानावर तितका अवलंबून राहत नाही. मूळ सर्किटाचे दुबळे भाग कुठले हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, हे यातून कळतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्यांदा बनवत असाल तर मूळ 1969 चा बनवा. रोज वापरायला 1996 चा जास्त सुखाचा आहे, हे मान्य. पण त्यात आउटपुट थेट स्पीकरला जोडलेलं आहे. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण सप्लाय स्पीकरच्या कॉइलवर येतो, म्हणून संरक्षणाचा रिले हवा, ऑफसेट (आउटपुटवर उरणारं डीसी व्होल्टेज) सांभाळावा लागतो. मूळ सर्किटात तोच बिघाड झाला तर आउटपुट कपॅसिटर डीसी अडवतो आणि स्पीकर वाचतो. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. शिवाय करंट गेनवर अवलंबून असणं हा दोष असला तरी ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते त्या दोषाइतकं स्पष्ट दुसरं काहीच शिकवत नाही. तो हाताळून झाला की 1996 चं सर्किट उघडा. त्यातला प्रत्येक जास्तीचा भाग कशासाठी आला ते तुम्हाला न सांगता कळेल.

सप्लायच्या बाबतीत कंजूषपणा करू नका. दोन चॅनलना मिळून जवळपास अडीच अँपिअर सतत लागतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर निदान 150 व्हीएचा घ्या. मूळ सर्किट सप्लायमधली घरघर फारशी रोखत नाही, ती स्पीकरमध्ये येते. नुसता मोठा कपॅसिटर लावण्यापेक्षा ट्रान्झिस्टरचा कपॅसिटन्स मल्टिप्लायर (छोट्या कपॅसिटरकडून मोठ्याचं काम करून घेणारं सर्किट) किंवा नीट रेग्युलेटर लावा. त्या ट्रान्झिस्टरलाही हीटसिंक लागेल. स्पीकर 4 ओहमचा असेल तर 8 ओहमचे आकडे वापरू नका, करंट अपुरा पडेल. 3 ओहमच्या रांगेजवळ जा आणि हिशेब स्वतः करा.

प्रीअ‍ॅम्प्लिफायर सुरुवातीला लागणार नाही. 8 ओहमच्या आवृत्तीला पूर्ण पॉवरसाठी 0.66 व्होल्ट पुरतात, आणि सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आवाजाचा सिग्नल बनवणारं साधन) 2 व्होल्ट देतो. मध्ये आवाज कमी-जास्त करायला 10 के चा (किलोओहमचा) लॉग पॉट लावला की झालं. रेकॉर्ड प्लेअर जोडायचा असेल तर मात्र फोनो स्टेज (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) वेगळी हवी, आणि त्यासाठी जुलै 1969 चा त्यांचाच मॉड्युलर प्रीअ‍ॅम्प्लिफायर बघा. याच अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठोपाठ, तीन महिन्यांनी त्याच मासिकात आलेला आहे.